न दिसणारी भिंत, हिरवा किरण आणि नियमांचा कीस

भुयारातल्या दगडी दालनात शत्रूची टोळी चालून येते. मांत्रिक हात उंचावतो आणि मधे 'वॉल ऑफ फोर्स' उभी करतो. पाचव्या पातळीचा हा मंत्र म्हणजे डोळ्यांना न दिसणारी भिंत. तिच्यावर तलवार चालत नाही, आग चालत नाही, दुसऱ्यांची जादू मोडणारा 'डिस्पेल मॅजिक'ही चालत नाही. मात्र तिचा काळ तिच्याच वर्णनात लिहून ठेवलेला आहे: 'डिसइंटिग्रेट' हा सहाव्या पातळीचा मंत्र पडला की भिंत क्षणात नाहीशी. पलीकडच्या जादूगाराला नेमका तोच मंत्र येत असतो. त्याच्या बोटातून हिरवा किरण निघतो, आणि टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एक जण पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवतो. डिसइंटिग्रेट टाकणाऱ्याला लक्ष्य दिसलं पाहिजे, असं तिथे छापलेलं आहे. भिंत तर अदृश्य. मग किरण लागणार कशाला?

गंमत अशी की त्याच वर्णनात, पुढच्याच वाक्यात, या किरणाने काय काय नष्ट करता येतं ते सांगताना वॉल ऑफ फोर्सचं नाव घेतलेलं आहे. म्हणजे एक वाक्य दार उघडतं आणि आधीचं वाक्य त्याला कुलूप लावतं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीतला, २०१४ सालचा हा मजकूर. दहा वर्षांनी पुस्तक नव्याने लिहिलं गेलं तेव्हाही 'दिसणाऱ्या लक्ष्या'ची अट तशीच राहिली.

हा खटला खरं तर सोपा आहे. ज्या लेखकाने भिंतीचं नाव घेऊन ती मोडता येते असं दोन ठिकाणी लिहिलं, त्याला ती मोडता येऊ नये असं वाटत असणं शक्य नाही. एखादा हट्टी खेळाडू सोडला तर इथे कुणाचं घोडं अडत नाही. पण वाद का उभा राहतो हे या खटल्यातून नीट दिसतं. मंत्रांची वर्णनं एकेकटी लिहिली जातात आणि खेळात मात्र ती एकमेकांना भिडतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र चालवतो. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम, होतो. जग त्याचं, राक्षस त्याचे आणि न्यायनिवाडाही त्याचाच. धोक्याचं काही करायचं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. पटावर सोंगट्या असतात किंवा नसतातही. खेळ मुख्यतः बोलण्यातून घडतो. खेळाडू काय करायला जाईल याला सीमा नसते, त्यामुळे छापील नियम कायम एक पाऊल मागे असतात. त्यातही मंत्र हा नियमांचा सर्वांत खोडकर भाग. प्रत्येक मंत्र म्हणजे एक अपवादच: माणूस उडत नाही, पण हा मंत्र टाकला तर उडतो; भिंतीतून जाता येत नाही, पण तो टाकला तर येतं. २०१४ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये असे साडेतीनशेहून अधिक मंत्र आहेत. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर आकडा ६०,००० च्या पुढे जातो. एवढ्या जोड्या कोणता लेखक तपासून पाहणार?

सुरुवातीला कुणी तपासल्याच नव्हत्या. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात बाजारात आणला. एका खोक्यात तिन्ही पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिल्या खेपेला १,००० प्रती. प्रकाशक टीएसआर, गाव अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा. दोघंही युद्धखेळ खेळणारे. पटावर शिशाचे सैनिक मांडून लढाया करणारे. मंत्र एकदा वापरला की मांत्रिकाच्या डोक्यातून पुसला जातो, ही कल्पना त्यांनी जॅक व्हान्सच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातून उचलली. मंत्रांची वर्णनं दोनचार ओळींची होती. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा, असाच एकूण सूर. आमच्याकडून कल्पना कशाला उसन्या घेता, असं पुस्तिकेच्या शेवटी वाचकांना विचारलेलं होतं.

लोकांनी ते मनावर घेतलं. 'लाइट' हा साधा, दिव्यासारखा उजेड पाडणारा मंत्र. कुणाच्या तरी डोक्यात आलं की हा उजेड भिंतीऐवजी शत्रूच्या डोळ्यांवरच पाडला तर? शत्रू आंधळा! पहिल्या पातळीच्या मंत्राने लढाई जिंकण्याचा हा मार्ग इतका लोकप्रिय झाला की १९७८ च्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीत त्याची दखल घेऊन नियम छापावा लागला. पुढे तिसऱ्या आवृत्तीत ही वाट बंदच करून टाकली. आता उजेड फक्त वस्तूवर पडतो, प्राण्यावर नाही. पाणी निर्माण करणाऱ्या मंत्राचीही तीच कथा. शत्रूच्या फुप्फुसात पाणी निर्माण केलं तर, असा प्रश्न कुणीतरी विचारणारच होतं. तिसऱ्या आवृत्तीत सरळ लिहावं लागलं की सजीवाच्या शरीराच्या आत काही निर्माण करता येत नाही. पाचव्या आवृत्तीत पाणी उघड्या भांड्यात तरी पडतं किंवा पावसासारखं तरी. या पुस्तकांतली कितीतरी विचित्र वाक्यं अशी कुठल्यातरी जुन्या चलाखीची खूण आहेत.

गायगॅक्सची स्वतःची शैलीही भांडणाला खाद्य पुरवणारी होती. हा गृहस्थ पूर्वी विमा क्षेत्रात नोकरी केलेला, कलमं आणि पोटकलमं लिहिण्याचा त्याला मनापासून षोक. १९७८ च्या पुस्तकातला 'फायरबॉल' पाहावा. आगीचा गोळा, त्रिज्या २० फूट. एवढ्यावर थांबायचं तर गायगॅक्स पुढे सांगतो की आग जागेच्या आकारानुसार पसरते आणि एकूण घनफळ व्यापते ते साधारण ३३,००० घनफूट. गणित बरोबर आहे. २० फूट त्रिज्येच्या गोलाचं घनफळ साडेतेहतीस हजारांच्या आसपास येतं. पण १० फूट रुंद आणि १० फूट उंच अशा बोळात हा गोळा फुटला तर आग ३३० फूट लांब पसरणार, दोन्ही बाजूंना १६५ फूट. मंत्र टाकणारा बहुधा त्याच बोळात उभा असतो. कित्येक मांत्रिकांचा शेवट भागाकार चुकल्यामुळे झाला.

त्यात कंसात एक पाचर मारलेली: घनफूट, 'किंवा घनयार्ड'. या आवृत्तीत अंतरं घरात फुटांत आणि बाहेर यार्डांत मोजायची पद्धत होती. यार्ड म्हणजे तीन फूट, तेव्हा घनयार्ड म्हणजे २७ घनफूट. उघड्या मैदानावर फायरबॉल २७ पट मोठा होतो का? त्याच पुस्तकात दुसरीकडे बजावलेलं आहे की बाहेर पल्ला यार्डांत मोजला तरी मंत्राचं क्षेत्र फुटांतच राहतं. कंसातल्या दोन शब्दांनी हा सामान्य नियम मोडला की ते दोन शब्द निव्वळ घाईत पडले? पुस्तकाने उत्तर दिलं नाही आणि ज्याच्या हाती फायरबॉल होता त्याने सोयीचं उत्तर शोधलं.

अशा प्रश्नांची पत्रं टीएसआरकडे येऊ लागली. कंपनीच्या 'द ड्रॅगन' मासिकात १९७९ च्या नोव्हेंबरपासून 'सेज ॲडव्हाइस' नावाचं सदर सुरू झालं. ते लिहायला बसल्या जीन वेल्स, टीएसआरमधल्या पहिल्या महिला गेम डिझाइनर. वाचकांच्या शंकांना उत्तरं, अधूनमधून मिश्किल टोले. १९८७ पासून हे सदर स्किप विल्यम्स यांच्याकडे गेलं आणि त्यांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. या सदराने एक वेगळाच वाङ्मयप्रकार जन्माला घातला: काल्पनिक जगातल्या काल्पनिक घटनांवर गंभीर चेहऱ्याने दिलेले निवाडे. जाळ्यात अडकलेल्या माणसाला दुसऱ्या मंत्राने लहान केलं तर तो सुटतो का, या थाटाचे प्रश्न, आणि त्यांना कलमांचा आधार देऊन केलेली उत्तरं.

दरम्यान गायगॅक्सचं मतही बदललं होतं. 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणणारा माणूस आता सगळीकडे एकसारखे नियम हवेत असं म्हणू लागला, कारण मेळाव्यांत स्पर्धा होत आणि शिकागोच्या टेबलावरचा फायरबॉल लॉस एंजेलिसच्या टेबलापेक्षा मोठा असून चालणार नव्हतं. तेव्हापासून हा खेळ या दोन टोकांमध्ये हेलकावे खातो आहे.

एका टोकाचा कळस तिसऱ्या आवृत्तीत, २००० मध्ये, झाला. १९९७ मध्ये टीएसआर विकत घेतली ती विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने. ही कंपनी 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळावर मोठी झालेली, आणि त्या खेळात दोन पत्त्यांचा परिणाम एकमेकांवर कसा होतो हे ठरवणारी नियमावली काटेकोर होती. नव्या आवृत्तीच्या तीन मुख्य लेखकांपैकी एक होते स्किप विल्यम्स; जे इतकी वर्षं शंका सोडवत होते त्यांच्याच हाती आता शंका येऊ नयेत असं पुस्तक लिहिण्याचं काम आलं. त्यांनी सगळ्या फायद्यांना जाती दिल्या. एक मंत्र शक्ती वाढवतो आणि कमरेचा जादूचा पट्टाही शक्ती वाढवतो. दोन्ही एकाच जातीचे असतील तर बेरीज होत नाही, मोठा असेल तो धरायचा. नशिबाचा फायदा वेगळ्या जातीचा, मनोधैर्याचा वेगळ्या जातीचा. त्या दोघांची बेरीज चालते. नियम स्वच्छ होता, आणि तो अजूनही बऱ्याच जणांना आठवतो तो कौतुकाने.

मग 'लोकेट सिटी बॉम्ब' आला.

'लोकेट सिटी' हा निरुपद्रवी मंत्र. जवळचं शहर कुठे आहे एवढंच सांगतो. त्याचं क्षेत्र मात्र अवाढव्य, कारण शहर शोधायचं तर लांबवर पाहायला हवं: मांत्रिकाच्या प्रत्येक पातळीमागे दहा मैल त्रिज्येचं वर्तुळ. कुणी चतुर खेळाडू हा मंत्र घेऊन वेगवेगळ्या पुरवणी पुस्तकांतल्या खास कौशल्यांच्या मागे लागला. एका कौशल्याने मंत्राला 'थंडी'चा गुण येतो. थंडी असलेल्या मंत्राला दुसऱ्या कौशल्याने क्षेत्रातल्या सगळ्यांना थोडीशी इजा करता येते. इजा करणाऱ्या मंत्राची जात तिसऱ्याने बदलता येते, चौथ्याने तो चुकवण्यासाठी फासा टाकावा लागतो, आणि असा मंत्र असेल तर पाचवं कौशल्य, 'एक्स्प्लोसिव्ह स्पेल', क्षेत्रातल्या प्रत्येकाला क्षेत्राच्या कडेबाहेर फेकतं आणि दर दहा फुटांमागे एक सहाबाजूंचा फासा एवढी इजा करतं. दहाव्या पातळीचा मांत्रिक म्हणजे शंभर मैल त्रिज्या. पुण्यात उभं राहून मंत्र म्हटला तर मुंबई वर्तुळाच्या आत येते. मध्यभागी असलेल्या बिचाऱ्याला टाकावे लागणारे फासे: ५२,८००.

पाचही कौशल्यांचा मजकूर स्वच्छ होता. एकाही वाक्यात संदिग्धता नव्हती, आणि तरीही निष्कर्ष वेडगळ. बचावाचा एक भन्नाट युक्तिवादही पुढे आला: क्षेत्र 'वर्तुळ' आहे, गोल नव्हे. वर्तुळाला जाडी नसते. तेव्हा कडेबाहेर पडायला शंभर मैल कशाला, इंचभर वर उचललं तरी माणूस बाहेर! शब्दाने केलेला घाव शब्दानेच भरला. पण कोणताही शहाणा डीएम इथवर येतच नाही. शहर शोधणाऱ्या मंत्राने शहर उडत नाही, एवढं म्हणून तो पुढे जातो.

नियमांनी नियमांचा तंटा सोडवायचा हा उद्योग अर्थातच जुना आहे. गायगॅक्सने पाणिनी वाचला असेल असं मुळीच नाही, पण हीच पंचाईत अष्टाध्यायीसमोर होती. जवळपास ४,००० सूत्रं, प्रत्येक आपापल्या जागी नेमकं, आणि एकाच शब्दाला दोन सूत्रं लागू होऊ लागली की कोणाचं ऐकायचं? सूत्रांचं सूत्र म्हणून परिभाषा आल्या. सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणायचं, विशेष नियमाला अपवाद, आणि अपवाद वरचढ. काशीत राहिलेले महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट काळे यांनी या परिभाषांची छाननी करणारा 'परिभाषेन्दुशेखर' लिहिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १९व्या शतकात त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यात बलाबलाची एक पायरीच लावलेली आहे: आधीच्यापेक्षा नंतरचं सूत्र बलवान, त्याहून नित्य, त्याहून अंतरंग, आणि सर्वांत वर अपवाद. बलाबल ठरवणाऱ्या खुद्द पाणिनीच्या सूत्राचा अर्थ काय, यावरही वाद शमलेला नाही. २०२२ मध्ये केंब्रिजमधल्या एका संशोधकाने त्याचा वेगळाच अर्थ मांडला आणि जुनी चर्चा पुन्हा पेटली.

परिभाषेची ती वरची पायरी पाचव्या आवृत्तीने जशीच्या तशी घेतली आहे असं वाटावं, इतकं साम्य आहे. विशेष नियम सामान्य नियमाला हरवतो, हे २०१४ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच सांगितलेलं आहे. त्याआधीची चौथी आवृत्ती २००८ ची. तिने मंत्रांना तक्त्यासारखे ठोकळे करून टाकले होते, वर वर्णनाची एक ओळ आणि खाली शुद्ध नियम. भांडणं कमी झाली, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावं. पण जादूची चव गेली अशी ओरड झाली, आणि पाचव्या आवृत्तीत मंत्र पुन्हा साध्या बोलीच्या वाक्यांत लिहिले गेले.

साध्या बोलीतली वाक्यं वाचायला छान असतात. ती भिडली की मात्र 'विशेष वरचढ' हे सूत्र हात टेकतं, कारण दोन्ही बाजूंना विशेषच उभे असतात.

'हेस्ट' आणि 'स्लो' घ्या. दोन्ही तिसऱ्या पातळीचे. हेस्टने वेग दुप्पट होतो, चिलखताचा आकडा दोनने वाढतो आणि प्रत्येक पाळीत एक जादा कृती मिळते. स्लोने वेग निम्मा, आकडा दोनने कमी, आणि पाळीत मुख्य कृती किंवा छोटी 'बोनस' कृती यांपैकी एकच. तिसऱ्या आवृत्तीत या दोघांचा निकाल एका ओळीत लागायचा: एक मंत्र दुसऱ्याला रद्द करतो. (त्याआधीच्या आवृत्त्यांत तर हेस्ट घेणाऱ्याचं वय एका वर्षाने वाढायचं. घाई करण्याची एवढी रोकडी किंमत पुढच्या लेखकांनी का काढून टाकली, याची हळहळ वाटते.) पाचव्या आवृत्तीत ती रद्द करणारी ओळच नाही. मग एकाच योद्ध्यावर मित्राचा हेस्ट आणि शत्रूचा स्लो पडला तर? वेगाचं सोपं: दुप्पट आणि निम्मा, म्हणजे होता तेवढा. चिलखताचंही सोपं. पण हेस्टने दिलेली जादा कृती, ती स्लोच्या 'एकच' मध्ये मोजायची की बाहेर? स्लो फक्त मुख्य आणि बोनस यांतल्या निवडीबद्दल बोलतो, जादा कृतीचं नावही घेत नाही. शिवाय स्लो म्हणतो की पाळीत एकाहून जास्त वार करता येणार नाहीत. म्हणजे जादा कृती मिळालीच तर तिने धावता येईल, लपता येईल, पण दुसरा वार नाही. शब्दांना चिकटून इतपत उत्तर काढता येतं. ते बरंही आहे. तरी बऱ्याच टेबलांवर डीएम सरळ म्हणतो, दोन्ही मंत्र फिटले, पुढे चला. आणि खेळाचा जुना इतिहास त्याच्या बाजूने उभा राहतो.

अंधार आणि उजेड यांचं भांडण याहून चिवट. 'डार्कनेस' दुसऱ्या पातळीचा. दुसऱ्या किंवा खालच्या पातळीच्या मंत्राचा उजेड त्याला टेकला की तो उजेडाचा मंत्र विझतो. 'डेलाइट' तिसऱ्या पातळीचा. तिसऱ्या किंवा खालच्या पातळीच्या मंत्राचा अंधार तो घालवतो. इथवर चोख. पण मंत्र वरच्या पातळीची ताकद लावून टाकता येतो, आणि तेव्हा त्याची पातळी तीच धरतात. कुणी डार्कनेस चौथ्या पातळीने टाकला तर डेलाइट त्याला घालवू शकत नाही. डार्कनेसला तर डेलाइट विझवता येतच नाही, कारण त्याची मर्यादा दुसऱ्या पातळीवर अडकलेली. दोन्ही मंत्र एकाच जागी जिवंत. तिथे दिसतं की दिसत नाही? डार्कनेसच्या वर्णनात आहे की जादूचा नसलेला उजेड हा अंधार भेदू शकत नाही. एक बाजू म्हणते: याचा अर्थ जादूचा उजेड भेदू शकतो, तेव्हा दालन उजळलेलं. दुसरी बाजू म्हणते: तसं असतं तर अंधाराला वरची पातळी लावण्यात काय मिळालं? दोन्ही बाजू वाजवी आहेत. प्रस्तुत लेखकाचा कल पहिल्या बाजूकडे आहे, कारण मजकुराने ज्या उजेडाला अडवलं त्याचं नाव घेतलं आणि दुसऱ्याचं घेतलं नाही.

या डेलाइटवर आणखी एक जुनं भांडण आहे. नावात दिवस आहे, मग या उजेडात रक्तपिपासू व्हॅम्पायर जळतो का? व्हॅम्पायरला बाधतो तो सूर्यप्रकाश. 'सनबीम' मंत्राच्या वर्णनात हा प्रकाश सूर्यप्रकाश आहे असं स्पष्ट लिहिलेलं. २०१४ च्या डेलाइटमध्ये तसं काही नाही. त्यामुळे नाव काहीही असो, व्हॅम्पायर डेलाइटमध्ये निवांत उभा. २०२४ च्या सुधारित पुस्तकात मात्र डेलाइट सूर्यप्रकाशच पसरवू लागला, आणि दहा वर्षं हरलेले खेळाडू एका रात्रीत जिंकले.

पाचव्या आवृत्तीच्या नियमांचे प्रमुख लेखक जेरेमी क्रॉफर्ड यांनी २०१५ मध्ये 'सेज ॲडव्हाइस' पुन्हा सुरू करताना वाचनाचे तीन रस्ते सांगितले: नियमात काय लिहिलंय, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, आणि टेबलावर कशाने मजा येईल. खेळाडूंच्या बोलण्यात पहिल्या दोघांना 'रॉ' आणि 'राय' म्हणतात. ट्विटरवरही क्रॉफर्ड शेकडो शंकांना उत्तरं देत. लोक ती उत्तरं कायद्यासारखी फडकावू लागल्यावर २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं की अधिकृत निवाडे फक्त संकलित पुस्तिकेतले. ट्विट म्हणजे सल्ला.

पहिला रस्ता एका तत्त्वावर चालतो: मंत्र जेवढं सांगतो तेवढंच करतो. 'वेब' मंत्राचं जाळं पेटतं, कारण ते पेटतं असं लिहिलेलं आहे. किती जागा किती वेळात जळते आणि आतल्याला किती इजा होते, सगळं दिलेलं आहे. २०१४ च्या पुस्तकातला 'ग्रीस' मंत्र जमिनीवर वंगण पसरवतो, आणि वंगण पेटण्याबद्दल तिथे एक अक्षर नाही. म्हणून शब्दशः वाचणाऱ्याच्या टेबलावर ग्रीसवर मशाल फेकली तरी काहीच पेटत नाही, एवढंच. नवख्या खेळाडूला हे कळत नाही. वंगण पेटतं हे त्याला घरच्या स्वयंपाकघरात कळलेलं असतं. उदार डीएम पेटू देतो. पण मग पहिल्या पातळीचा मंत्र तिसऱ्या पातळीचं काम करू लागतो, आणि ज्याने फायरबॉल शिकण्यात आपली पातळी खर्च केली तो मांत्रिक तोंड पाडून बसतो. शब्दशः वाचनाचा खरा युक्तिवाद व्याकरणाचा नाहीच, वाटणीचा आहे.

दुसऱ्या रस्त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण पुन्हा डिसइंटिग्रेटचंच. २०१४ च्या नियमांत ड्रुइड नावाचं पात्र पशूचं रूप घ्यायचं तेव्हा त्याला पशूचे वेगळे जीवगुण, म्हणजे हिट पॉइंट, मिळायचे. ते संपले की तो मूळ रूपात परत यायचा आणि उरलेली इजा मूळ गुणांतून वजा व्हायची. डिसइंटिग्रेटच्या मूळ मजकुरात होतं की इजेने लक्ष्याचे गुण शून्यावर आणले तर त्याची राख होते. अस्वलाच्या रूपातल्या ड्रुइडचे गुण शून्य झाले. आता आधी काय: राख की परत माणूस? शब्दशः वाचलं तर शून्य झाल्याक्षणी राख, आत शंभर गुणांचा धडधाकट माणूस असला तरी. २०१८ च्या दुरुस्तीत क्रियापद बदललं: इजेनंतर लक्ष्य शून्यावर 'उरलं' तर राख. ड्रुइड आधी माणूस होतो, मग हिशेब. एका क्रियापदाने कित्येक अस्वलांचे जीव वाचले.

शब्दांची डागडुजी अशी सगळीकडे जमत नाही. 'काउंटरस्पेल'ने शत्रूचा मंत्र तोंडातल्या तोंडात अडवता येतो. त्यासाठी पाळीबाहेरची एक झटपट प्रतिक्रिया खर्च होते. शत्रू कोणता मंत्र टाकतो आहे हे ओळखायचं असेल तर? २०१७ च्या 'झॅनाथर्स गाइड'ने नियम दिला: ओळखायलाही प्रतिक्रियाच लागते. फेरीत प्रतिक्रिया एकच. म्हणजे ज्याने ओळखलं त्याला अडवता येत नाही, ज्याला अडवायचंय त्याने न ओळखताच अडवावं. दोन मांत्रिक असतील तर एकाने ओळखून ओरडायचं, 'फायरबॉल!', आणि दुसऱ्याने अडवायचं. पण दुसऱ्याच्या पाळीत ओरडता येतं का, यावर पुन्हा वेगळा वाद. बहुतेक डीएम हे सगळं बाजूला सारून राक्षस काय टाकतो आहे ते मोठ्याने सांगून टाकतात. प्रतिस्पर्धी खेळ 'पाथफाइंडर'ने २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत संदिग्ध नियमांसाठी वेगळी टीपच दिली: एखादं वाचन फारच फायद्याचं वाटत असेल तर ते बहुधा चुकीचं आहे, आणि अडलात तर आपल्या गटाला पटेल असा तोडगा काढा. 'डंजन मास्टर्स गाइड'च्या २०२४ च्या आवृत्तीने तर बजावूनच टाकलं की हे खेळाचे नियम आहेत, भौतिकशास्त्राचे नाहीत.

त्याच २०२४ च्या सुधारणेत अदृश्यतेचं एक जुनं दुखणं बरं करायचं ठरलं. २०१४ मध्ये 'अदृश्य' या अवस्थेला दोन स्वतंत्र कलमं होती: अदृश्याला पाहता येत नाही, हे एक, अदृश्याचे वार अधिक अचूक आणि त्याच्यावरचे वार कमी अचूक, हे दुसरं. 'सी इनव्हिजिबिलिटी' मंत्राने अदृश्य माणूस दिसू लागायचा, पण त्याची अवस्था तशीच राहायची, म्हणून दुसरं कलम चालूच. समोर लख्ख दिसणाऱ्या शत्रूवर वार करताना आंधळ्यासारखा फासा टाकावा लागायचा. क्रॉफर्डनी विचारणाऱ्यांना हेच उत्तर दिलं, आणि कित्येक डीएमनी ते ऐकून सोडून दिलं. नव्या पुस्तकाने दुसऱ्या कलमाला अट जोडली: ज्याला तुम्ही दिसता त्याच्यापुढे हा फायदा नाही. प्रश्न मिटला.

मात्र याच पुस्तकाने लपण्याचा नियमही नव्याने लिहिला. चोर दाराआड नीट लपला, फासा चांगला पडला, तर त्याला मिळते तीच 'अदृश्य' अवस्था. वेगळी अवस्था कशाला, असा लेखकांचा काटकसरीचा हिशेब असावा. आणि सी इनव्हिजिबिलिटी टाकणाऱ्याला अदृश्य अवस्थेतले सगळे प्राणी दिसतात. तेव्हा अंगावर कसलीही जादू नसलेला, फक्त श्वास रोखून पडद्यामागे उभा असलेला चोर, हा मंत्र टाकलेल्या मांत्रिकाला दिसतो का? अवस्थेच्या नावावरून दिसायला हवा. मधे पडदा आहे यावरून दिसायला नको, कारण हा मंत्र पडद्याआरपार पाहण्याचा नाही. पण चोर पडद्यामागून अंधाऱ्या कोपऱ्यात सरकला आणि मधे काहीच उरलं नाही, तर डीएमला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. बहुतेक जण चोराला झुकतं माप देतात.